मनगटात दबलेल्या नसेचं ऑपरेशन: उघडं, छोट्या चिरेचं की दुर्बिणीतून?

रात्री दोन-अडीचला हाताला मुंग्या येऊन जाग येते. हात पलंगाखाली सोडून झटकला की थोडं बरं वाटतं, डोळा लागतो आणि तासाभराने पुन्हा तेच. असे महिने काढलेल्या माणसाला डॉक्टर सांगतात, "कार्पल टनेल आहे, ऑपरेशन करून टाकू." मग घरात पहिली चर्चा होते ती हीच: उघडं करायचं की दुर्बिणीतून? प्रश्न रास्त आहे, पण माझ्या मते त्याचा नंबर तिसरा लागतो. आधी निदान पक्कं आहे का ते बघायचं, मग ऑपरेशनची वेळ आली आहे का, आणि त्यानंतर पद्धत. हा लेखही त्याच क्रमाने जातो.

पायरी १: आत नेमकं काय होतं ते समजून घ्या

तळहाताच्या बुडाशी, मनगटाला लागून, एक अरुंद बोगदा असतो. हाच कार्पल टनेल, आणि त्यात नस दबून होणाऱ्या त्रासालाही हेच नाव. त्याची जमीन आणि भिंती मनगटाच्या छोट्या हाडांच्या, आणि छत एका जाड, न ताणल्या जाणाऱ्या आडव्या लिगामेंटचं, म्हणजे हाडांना जोडणाऱ्या चिवट पट्ट्याचं. या बोगद्यातून बोटं वाकवणाऱ्या नऊ कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोऱ्या) जातात आणि त्यांच्यासोबत एकच नस, मीडियन नर्व्ह. कंडरांभोवतीचं आवरण सुजलं किंवा जाड झालं की जागा कमी पडते. हाड हटत नाही, छत ताणत नाही, त्यामुळे सगळा दाब नसेवर येतो. मनगट वाकलं की हा दाब अनेक पटींनी वाढतो. झोपेत आपण नकळत मनगट वाकवून ठेवतो, म्हणून त्रास रात्री जास्त.

ही नस अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेची अंगठ्याकडची अर्धी बाजू यांना संवेदना देते. करंगळी तिच्या हद्दीत येत नाही. अंगठ्याच्या बुडाशी जो मांसल उंचवटा आहे, त्यातल्या बऱ्याच स्नायूंना हीच नस चालवते.

ऑपरेशन कुठल्याही नावाने करा, त्यात एकच काम होतं: ते छत, म्हणजे आडवं लिगामेंट, या टोकापासून त्या टोकापर्यंत पूर्ण कापायचं. कापलेल्या कडा बाजूला सरकतात, बोगदा मोठा होतो, नसेवरचा दाब उतरतो. मधली फट पुढे नव्या तंतुमय पेशींनी भरून येते, म्हणजे छत पुन्हा तयार होतं, फक्त आधीपेक्षा सैल. "लिगामेंट कापलं तर मनगट कायमचं अधू होईल का?" ही भीती बहुतेकांच्या मनात असते. पकडीची ताकद सुरुवातीचे काही आठवडे खरोखर कमी होते, पण ती साधारण तीन ते सहा महिन्यांत परत येते.

पायरी २: निदानाची खात्री करा

डॉक्टरांकडे जाण्याआधी चार-पाच दिवस एक काम करा. कागदावर हाताचं चित्र काढून नेमका कुठे बधिरपणा येतो ते रंगवा. करंगळीही बधिर होत असेल, मान हलवल्यावर कळ खांद्यातून हातात उतरत असेल, किंवा दोन्ही पायांतही मुंग्या असतील, तर कारण मानेत, दुसऱ्या नसेत किंवा मधुमेहामुळे झालेल्या नसांच्या आजारात असू शकतं. मनगटातलं छत कापून मानेतली नस सुटत नाही. ऑपरेशन होऊनही "काहीच फरक नाही" म्हणणाऱ्यांपैकी काहींचा घोटाळा इथेच झालेला असतो.

तपासताना डॉक्टर मनगट मिनिटभर वाकवून धरायला सांगतात, नसेवर हलके ठोके देतात किंवा अंगठ्याने बोगद्यावर दाब देऊन बघतात. पुढे नर्व्ह कंडक्शनची चाचणी होते. तिच्यात नसेतून संदेश किती वेगाने जातो हे मोजतात आणि आजार सौम्य, मध्यम की तीव्र हे कळतं. सुरुवातीच्या काळात ही चाचणी काही जणांत नॉर्मल येऊ शकते. सोनोग्राफीत नस बोगद्याच्या तोंडाशी फुगलेली दिसते, आणि आत गाठ वगैरे असेल तर तीही दिसते. पद्धत ठरवताना ही माहिती उपयोगी पडते.

सोबत रक्तातली साखर आणि थायरॉईड तपासून घ्या. मधुमेह, थायरॉईड कमी असणं, संधिवात, गरोदरपण, डायलिसिस, मनगटाचं जुनं फ्रॅक्चर, यांपैकी काहीही यामागे असू शकतं. गरोदरपणातला त्रास बहुतेकदा बाळंतपणानंतर ओसरतो, म्हणून तिथे शक्यतो थांबतात.

एक गोष्ट मला मुद्दाम सांगायची आहे, कारण ती फार कमी लोकांना माहीत असते. उतारवयात, विशेषतः पुरुषांमध्ये, दोन्ही हातांना कार्पल टनेल होणं हे कधीकधी अमायलॉइडोसिसचं पहिलं लक्षण असतं. या आजारात एक प्रकारचं प्रथिन शरीरात साचत जातं आणि पुढे हृदयाच्या भिंती ताठर करतं. हाताचा त्रास हृदयाच्या त्रासाच्या काही वर्षं आधी सुरू होतो. ऑपरेशनच्या वेळी कंडरांभोवतीच्या आवरणाचा छोटा तुकडा तपासायला पाठवता येतो. वय जास्त असेल, दोन्ही हात धरले असतील आणि दम लागणं किंवा पायांना सूज असंही काही असेल, तर हा विषय डॉक्टरांकडे स्वतःहून काढा.

पायरी ३: ऑपरेशनची वेळ आली आहे का?

त्रास रात्रीपुरता असेल, दिवसा बोटं नीट काम करत असतील, तर घाई नको. मनगट सरळ ठेवणारा पट्टा रोज रात्री लावून साधारण सहा आठवडे बघा. पट्ट्यात मनगट अगदी सरळ राहायला हवं. बाजारातले बरेच पट्टे मनगट मागे झुकवतात. तशा पट्ट्यातली धातूची पट्टी काढून सरळ करून घेता येते. दुसरा उपाय स्टेरॉईडच्या इंजेक्शनचा. त्याने अनेकांना काही आठवडे ते काही महिने छान आराम पडतो, पण पुष्कळांचा त्रास परत येतो. इंजेक्शनने तात्पुरता का होईना, स्पष्ट आराम पडला असेल तर ती चांगली खूण समजा: निदान बरोबर आहे आणि ऑपरेशनचाही फायदा होण्याची शक्यता जास्त आहे.

आता उलट बाजू. बोटं चोवीस तास बधिर राहायला लागली, शर्टाचं बटण लावताना किंवा नाणं उचलताना चुकायला लागलं, हातातून वस्तू निसटायला लागल्या, अंगठ्याच्या बुडाचा उंचवटा दुसऱ्या हाताच्या तुलनेत सपाट दिसायला लागला, तर थांबून बघण्यात तोटा आहे. नस फार काळ चेपलेली राहिली की तिच्यातले तंतू मरतात. ते परत वाढतात, पण दिवसाला जेमतेम एक मिलिमीटर या वेगाने. वाळलेला स्नायू तर पूर्ण परत येईलच असं नाही. पुष्कळ जण दुखणं कमी झालं म्हणून निर्धास्त होतात. दुखणं कमी झालं आणि बधिरपणा वाढला, तर ती सुधारणा समजू नका. नस थकत चालली आहे.

मनगटाला मार लागून किंवा फ्रॅक्चरनंतर काही तासांत बोटं झपाट्याने बधिर व्हायला लागली आणि दुखणं वाढत गेलं, तर ती तातडीची वेळ आहे. तेव्हा चार ठिकाणी सल्ले घेत बसू नका, सरळ इस्पितळ गाठा.

पायरी ४: पद्धती ओळखून घ्या

उघडं ऑपरेशन. तळहाताच्या बुडाशी साधारण तीन ते पाच सेंटिमीटरची उभी चीर. त्वचा, चरबी, त्याखालचा पातळ पडदा असे थर उघडत सर्जन लिगामेंटपर्यंत जातात आणि ते डोळ्यांसमोर कापतात. मोठा फायदा म्हणजे सगळं दिसतं. अंगठ्याच्या स्नायूंना जाणारी नसेची फांदी प्रत्येकाची वेगळ्या ठिकाणाहून निघते, काहींच्यात तर ती लिगामेंटच्याच आरपार जाते. उघड्या जागेत ती ओळखून वाचवता येते. तोटा व्रणाचा. तळहातावर भार देतो त्याच जागी व्रण येतो, आणि तो काही आठवडे ते महिने हुळहुळा राहतो.

छोट्या चिरेचं उघडं ऑपरेशन. तत्त्व तेच, चीर दीड ते अडीच सेंटिमीटरची. ती मनगटाच्या घडीपर्यंत नेत नाहीत. सर्जन कातडी वर-खाली सरकवून लिगामेंटची दोन्ही टोकं गाठतात. अनुभवी हातांत ही पद्धत मला फार समतोल वाटते: नजरेसमोर काम, खास यंत्र लागत नाही, व्रणही आटोपशीर. तुमचे सर्जन नेहमी हीच पद्धत वापरत असतील तर दुर्बिणीच्या हट्टापायी त्यांना सोडून जाण्याचं कारण मला तरी दिसत नाही.

दुर्बिणीतून ऑपरेशन. जपानमध्ये ओकुत्सू आणि अमेरिकेत चाऊ या सर्जननी १९८९ मध्ये याची तंत्रं प्रसिद्ध केली. एका प्रकारात मनगटाच्या घडीत साधारण एक सेंटिमीटरची एकच चीर असते. तिच्यातून कॅमेरा आणि लपवता येणारं छोटं पातं असलेलं उपकरण लिगामेंटच्या खाली सरकवतात. पडद्यावर लिगामेंटची खालची बाजू दिसते, जागा पक्की झाली की पातं वर काढून आतल्या बाजूने कापत येतात. दुसऱ्या प्रकारात मनगटावर एक आणि तळहातात एक अशा दोन चिरा असतात आणि त्यांच्यामधून खाच असलेली नळी घालतात. दोन्हींत तळहाताच्या बुडाची कातडी आणि चरबी शाबूत राहते. म्हणून हात लवकर टेकवता येतो.

मर्यादाही नीट समजून घ्या. दुर्बिणीला जे समोर आहे तेवढंच दिसतं. नस वेगळ्या वाटेने जात असेल किंवा आत गाठ असेल तर ती नजरेआड राहू शकते. धूसर दिसलं, नळी सहज आत गेली नाही, तर शहाणा सर्जन तिथेच थांबतो आणि चीर वाढवून उघडं ऑपरेशन करतो. याची संमती आधीच देऊन ठेवा आणि असं झालं तर ते अपयश मानू नका. त्यांनी तुमची नस वाचवलेली असते.

सोनोग्राफीच्या मदतीने. ही सर्वांत नवी पद्धत. पाच मिलिमीटरपेक्षाही लहान छिद्रातून बारीक पातं, आकडीसारखी सुरी किंवा कापणारा धागा आत नेतात आणि सोनोग्राफीच्या पडद्यावर बघत लिगामेंट कापतात. बहुधा टाके लागत नाहीत. आतापर्यंतचे निकाल आशादायक आहेत, पण उघड्या आणि दुर्बिणीच्या पद्धतींमागे जितक्या वर्षांचा अनुभव आहे तितका इथे अजून जमलेला नाही. सोनोग्राफीत हात बसलेल्या माणसाकडेच हे करावं.

पायरी ५: तुलना करताना काय बघायचं

सहा महिने किंवा वर्षाने हात कसा असेल, एवढंच विचारलंत तर उत्तर सोपं आहे: उघडं आणि दुर्बिणीतलं, दोन्हींत आराम जवळजवळ सारखाच. फरक पडतो तो पहिल्या काही आठवड्यांत. या दोन पद्धतींची तुलना करणाऱ्या अभ्यासांचा कॉक्रेन या संस्थेने २०१४ मध्ये आढावा घेतला. त्यात दुर्बिणीचे रुग्ण सरासरी आठेक दिवस आधी कामावर परतले. व्रणाच्या तक्रारी उघड्या पद्धतीत जास्त, तर नसेला तात्पुरता धक्का बसून काही दिवस किंवा आठवडे मुंग्या वाढण्याचा प्रकार दुर्बिणीत जास्त. कायमची इजा दोन्हींत क्वचितच.

म्हणून स्वतःला विचारा: ते आठ दिवस माझ्यासाठी किती मोलाचे आहेत? रोज कमावून खाणारा, कुबडी किंवा वॉकरवर तळहाताने भार देणारा, दोन्ही हातांचं एकदम करू पाहणारा, यांच्यासाठी ते फार मोलाचे. महिनाभराची रजा सहज मिळत असेल तर त्यांचं वजन कमी.

काही वेळा निवड उरतच नाही. आधी एकदा ऑपरेशन झालेला हात, आत गाठ, संधिवाताने कंडरांभोवती खूप वाढलेलं आवरण, फ्रॅक्चर वाकडं जुळून बदललेली रचना, मागे वळतच नाही इतकं ताठर मनगट, किंवा सोबत दुसरीकडची कंडरा अंगठ्याकडे वळवून त्याला ताकद द्यायची असेल तर, अशा हातांसाठी उघडं ऑपरेशनच बरं.

आणि सगळ्यात जास्त वजन द्या ते सर्जनच्या सरावाला. लिगामेंट तळहाताकडच्या टोकाला थोडंसं न कापता राहून जाणं हे त्रास कायम राहण्याचं एक मोठं कारण आहे, आणि ते कुठल्याही पद्धतीत घडू शकतं. जो माणूस एक पद्धत आठवड्यातून अनेकदा करतो त्याच्या हातून ते घडण्याची शक्यता कमी.

पायरी ६: भूल कुठली

बहुतेक वेळा पूर्ण भूल लागत नाही. तळहातात इंजेक्शन देऊन तेवढीच जागा बधिर करतात. जुन्या रीतीत दंडावर किंवा हातावर हवेचा पट्टा घट्ट आवळून रक्त थांबवतात, आणि रुग्णाला चिरेपेक्षा तो पट्टाच जास्त दुखतो. आता अनेक सर्जन भुलीच्या औषधात ॲड्रेनलिन मिसळतात. त्याने जागेवरच्या रक्तवाहिन्या आकसतात, पट्टा लागत नाही. औषध दिल्यावर अर्धा तास थांबावं लागतं इतकंच. अशा वेळी बहुधा उपाशी राहावं लागत नाही, मधुमेह असलेल्यांना ही मोठी सोय. दुर्बिणीचं ऑपरेशनही जागेवरच्या भुलीत होऊ शकतं. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती स्वतःच्या मनाने बंद करू नका. या ऑपरेशनसाठी ती अनेकदा चालू ठेवता येते.

पायरी ७: सर्जनना हे विचारा

माझा आजार कुठल्या टप्प्यावर आहे, आणि बधिरपणा पूर्ण जाईल की थोडा राहील? तुम्ही स्वतः कुठली पद्धत सर्वांत जास्त वेळा करता? दुर्बिणीतून सुरू करून उघडं करावं लागलं तर? भूल कुठली, पट्टा आवळणार का? टाके कधी निघतील? ऑपरेशननंतर रात्री काही वाटलं तर फोन कोणाला करायचा? हे कागदावर लिहून न्या. तिथे बसल्यावर निम्मं विसरायला होतं. पहिल्या प्रश्नाचं उत्तर मिळेपर्यंत मात्र उठू नका, कारण पुढची सगळी अपेक्षा त्यावर उभी असते.

पायरी ८: घरी आल्यावर

ऑपरेशन दहा-वीस मिनिटांचं असतं, त्याच दिवशी घरी सोडतात. पहिले दोन-तीन दिवस हात हृदयापेक्षा उंच ठेवा, झोपताना उशीवर. बोटं त्याच दिवसापासून हलवायची: पूर्ण मूठ, पूर्ण उघडा हात, तासाला दहा वेळा. हात गळ्यात बांधून गप्प बसलेल्यांची बोटं आखडतात आणि मग ती सोडवण्यातच महिना जातो. मनगटाला मोठा पट्टा आठवडेच्या आठवडे बांधून ठेवण्याचा फायदा दिसलेला नाही. दुखण्यासाठी बहुतेकांना पॅरासिटामॉलसारखी साधी गोळी पुरते.

टाके साधारण दहा ते चौदा दिवसांनी निघतात, तोवर जखम कोरडी ठेवा. कप उचलणं, जेवणं, लिहिणं लगेच चालतं. जड पिशव्या, पिळणं, ढकलणं चार ते सहा आठवडे टाळा. टेबलावरचं काम एक-दोन आठवड्यांत जमतं, अंगमेहनतीच्या कामाला दीड-दोन महिने धरा. जखम पूर्ण भरली की व्रणाला रोज तेल किंवा क्रीम लावून बोटाने गोल दाब द्या, हुळहुळेपणा लवकर जातो.

रात्रीचा त्रास बहुधा पहिल्या काही रात्रींतच थांबतो. पुष्कळ जण सांगतात की कित्येक महिन्यांनी सलग झोप लागली. बोटांचा बधिरपणा मात्र आठवड्यांनी, कधी महिन्यांनी उतरतो. मधेच तळहाताच्या बुडाशी, व्रणाच्या दोन्ही बाजूंना खोल ठणका सुरू होतो आणि माणूस घाबरतो. छताच्या कडा सरकल्यामुळे हाडांच्या दोन्ही खांबांवरचा ताण बदललेला असतो, त्यातून हे दुखणं येतं. ते दुर्बिणीतही होतं आणि तीन ते सहा महिन्यांत बहुतेकांचं जातं.

वाढत जाणारा ठणका, लाली, पू, ताप, आधी नसलेला नवा बधिरपणा, बोट वाकेनासं होणं, बोटं पांढरी किंवा निळी पडणं, यांपैकी काही दिसलं तर टाके काढायच्या तारखेची वाट बघू नका.

पायरी ९: आराम पडला नाही तर

आधी हे ठरवा की त्रास कधी थांबलाच नव्हता, की थांबून परत आला, की काही वेगळाच आहे. थांबलाच नसेल तर लिगामेंट अर्धवट कापलं गेलं असेल किंवा निदान चुकलं असेल. काही महिन्यांनी परत आला तर नस व्रणाच्या पेशींत अडकलेली असू शकते. वेगळा, तीव्र, विजेसारखा असेल तर नसेला इजा झाली का ते लगेच बघायला हवं. पहिल्या दोन प्रकारांत तीनेक महिन्यांनी सोनोग्राफी आणि नर्व्ह कंडक्शन पुन्हा करून आधीच्या रिपोर्टशी ताडून बघतात. त्यासाठी ऑपरेशनआधीचे सगळे कागद जपून ठेवा. चाचणीतले आकडे वर्षभरानंतरही बऱ्याचदा पूर्ण नॉर्मल होत नाहीत, हात छान चालत असला तरी. त्यामुळे हात बरा असताना नुसत्या रिपोर्टवरून दुसरं ऑपरेशन ठरवू नये. दुसऱ्यांदा हात उघडायची वेळ आलीच तर ते काम हाताच्याच सर्जरीत मुरलेल्या सर्जनकडे न्या, आणि पहिल्या ऑपरेशनची नोंद, त्यात कुठली पद्धत वापरली होती हे लिहिलेली, सोबत घेऊन जा.